आरसा वही

दोनशे पानी वही. वर खाकी कव्हर. नाव, इयत्ता, तुकडी लिहितात त्या चौकटीत नुसता आकडा. माझा आकडा सतरा, आईचा सोळा, बाबांचा पंधरा. आजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिची वहीही मीच लिहायची. आधी तिला विचारून, पुढं पुढं न विचारताच.

या वहीला ‘तिकडे’ आरसा म्हणत. ‘तिकडे’ हा आमच्या घरातला शब्द. आज तिकडे जायचं आहे. तिकडे विचारल्याशिवाय म्हैस विकायची नाही. पंथाचं नाव मी लिहिणार नाही. एक तर ज्यांनी आमचा कापूस फुकट वेचून दिला ती माणसं अजून गावात आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. दुसरं म्हणजे नाव कळलं की वाचणारा लगेच म्हणतो, हां, ते होय, ते तसलेच. आणि आपल्या अंगणात पाहायचं राहून जातं.

शनिवारी रात्री शेडमध्ये सगळे जमायचे. टिनाचं शेड, शेणानं सारवलेली जमीन, एकीकडे बाया, एकीकडे माणसं. तालुक्याहून एक दादा फटफटीवर यायचे. आठवडाभरात मनाला लागलेले ‘डाग’ ज्यानं त्यानं वहीत लिहायचे आणि तिथं उभं राहून वाचायचे. वाचून झालं की सगळे एका सुरात म्हणत, ‘पुसलं, पुसलं, पुसलं’, आणि वाचणारा खाली बसे. अंग हलकं व्हायचं, हे खोटं नाही. तेरा वर्षांच्या पोरीलाही व्हायचं.

अडचण एकच होती. डाग नाही असं म्हणायची सोय नव्हती. ‘ज्याला डाग दिसत नाही त्याचा आरसाच काळा,’ असं दादा हसत हसत म्हणायचे. मग मी डाग तयार करू लागले. प्रार्थनेच्या वेळी जिलबी आठवली. मैत्रिणीच्या नव्या सँडलचा हेवा वाटला. (वाटला नव्हता. ते सँडल तिला चावायचे, ती बिचारी अर्ध्या रस्त्यात काढून हातात धरायची.) एका शनिवारी मी लिहिलं की मोठ्या महाराजांच्या फोटोतली मिशी पाहून मला हसू आलं. ते वाचलं तेव्हा शेडमध्ये असा सन्नाटा पसरला की माझं मलाच कळलं, हा डाग जरा जास्तच खरा निघाला. पुढच्या आठवड्यापासून मी पुन्हा जिलबीवर आले.

पण जिलबी किती दिवस पुरणार? स्वतःचे डाग संपले की माणूस घरातल्यांचे मोजायला लागतो. मला तिथवर पोचायला दोन वर्षं लागली.

जबरदस्ती म्हटलं की डोळ्यांपुढं काठी येते, चढलेला आवाज येतो. आमच्याकडे ती कमरेला ओटी बांधून आली. २००१ सालची दिवाळी तोंडावर होती आणि बाबा बंडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. सहा एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटून पांढरी झालेली, आभाळ भरून आलेलं, मजूर मिळेना, मिळाला तर वेचाईचे पैसे द्यायला नाहीत, कारण आदल्या वर्षीच्या कापसाचेच पैसे अजून हातात यायचे होते. आई रात्री उठून दारात जाऊन आभाळ पाहायची. तिसऱ्या दिवशी सकाळी चौदा माणसं आमच्या वावरात उभी. बायामाणसं मिळून चौदा. कुणी बोलावलं नव्हतं. दोन दिवसांत त्यांनी दहा-अकरा क्विंटल कापूस वेचून घरात आणून टाकला. पैसा घेतला नाही. भाकरीही घरून बांधून आणलेली, आईनं केलेलं बेसन तेवढं आग्रह केल्यावर घेतलं. तिसऱ्या रात्री पाऊस आला.

बाबांनी विश्वास ठेवला का? मला वाटतं, त्यांनी आभार मानले. आणि आभार मानता मानता आत जाऊन बसले.

बाहेरच्या लोकांना हेच समजत नाही. ते म्हणतात, शिकली-सवरलेली माणसं अशा ठिकाणी जातातच कशी? अहो, कुणी पंथात जात नसतं. माणूस दवाखान्यातून घरी येतो आणि घरात कापूस पडलेला असतो. बाकीचं मागून येतं, आणि इतकं हळू येतं की कुठल्या दिवशी आलं ते सांगता येत नाही. आधी फक्त शनिवार. मग बाहेरच्यांच्या घरचा प्रसाद नको. मग बाहेरच्यांच्या घरचा चहाही नको. मग म्हशीचं विचारायचं, बियाणं कुठून घ्यायचं ते विचारायचं, मला नववीत घालायचं की नाही ते विचारायचं. प्रत्येक गोष्ट इतकी छोटी की तिच्यासाठी भांडणारा वेडा दिसावा. चहासाठी कोण भांडतं?

शब्दही तिकडचेच झाले. आपल्यातले ते ‘घरचे’, बाकी गाव ‘बाहेरचे’. शंका आली की ‘अळी लागली’. आमच्या भागात बोंडअळी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बोंड वरून हिरवंगार, टवटवीत, आणि फोडलं की आत सडका चिखल. दादा ते बोंड हातात घेऊन दाखवायचे. शंका अशी असते बरं, म्हणायचे. आणि जो सोडून गेला तो ‘गळफांदी’. कपाशीला दोन जातीच्या फांद्या असतात, फळफांदी आणि गळफांदी. गळफांदी नुसती वाढते, रस खाते, म्हणून ती छाटतात. आता ज्या माणसाला तुम्ही गळफांदी म्हणालात त्याच्याबद्दल पुढं विचार करायचा काही उरतच नाही. शब्दातच निकाल लागलेला असतो. मला कुणी ‘अळी लागली का गं?’ असं विचारलं की माझ्या डोक्यातला प्रश्न खरंच वळवळायला लागायचा आणि मी तो चिरडून टाकायची. स्वतःच. कुणी हात लावला नाही.

घरात एक माणूस मात्र कधीच तिकडे आला नाही. आबाजी, माझे आजोबा. ऐंशीच्या घरात होते. तरुणपणी त्यांनी गाडगेबाबांची कीर्तनं ऐकलेली. गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, १८७६ साली शेंडगावला जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ वाटेतच गेले. आबाजी सांगायचे की बाबा गावात आले की आधी खराट्यानं गाव झाडायचे, आणि रात्री कीर्तनात माणसांना सवाल विचारायचे. नुसते सवाल. लोक उत्तर द्यायचे, बाबा त्यावर आणखी एक सवाल टाकायचे. पाया पडायला कुणी वाकलं की काठी उगारायचे. आबाजींच्या धर्माचा पाया हा एवढाच होता. मारुतीला जात, पण त्याच्याशी भांडतही. पाऊस लांबला की पाराजवळ उभं राहून मारुतीला शिव्या देताना मी त्यांना ऐकलं आहे. संध्याकाळी गावात तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला बसत, आणि मधेच बिडी ओढायला उठून जात. कुणी काही म्हणत नसे. म्हणजे, म्हणत असत, ‘आबाजी, बसा ना जरा’, पण त्यांचं नाव कुठल्या वहीत चढत नसे.

‘काहून आबाजी, तुमी काहून येत नाई?’ मी एकदा विचारलं.

‘थ्या दादाले म्या एक सवाल इचारला होता,’ आबाजी म्हणाले. ‘थो हासला. मंग म्या नाई गेलो.’

सवाल काय होता ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कारण तोवर आबाजी ‘बाहेरचे’ झाले होते. त्यांनीच बांधलेल्या घरात त्यांचं ताट वेगळं झालं होतं. ते ओसरीवर जेवायचे. आम्ही आत. कुणी ठरवून केलं नाही. एक दिवस ताट ओसरीवर गेलं आणि तिथंच राहिलं.

आता सीतादहीचं सांगते. हे लिहायलाच बसले आहे आणि मघापासून तेच टाळते आहे.

विदर्भाबाहेरच्यांना सीतादही माहीत नसेल. कापसाचा पहिला वेचा सुरू करण्याआधी वावरात जाऊन पऱ्हाटीची पूजा करायची. हळद-कुंकू वाहायचं, दह्याचा नैवेद्य दाखवायचा. दह्यासारखा पांढरा कापूस घरात येऊ दे, एवढीच मागणी. भटजी नाही, पोथी नाही, मंत्र नाही. बाईनं करायचं आणि वेचायला लागायचं. तिकडे हे ‘बाहेरचं’ ठरलं होतं. दोन हंगाम आईनं केलं नाही. २००३ च्या हंगामात, एका पहाटे मला जाग आली तेव्हा आई अंथरुणात नव्हती. मी मागोमाग गेले. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला, पूर्वेच्या अंगाला, चांगली फुटलेली एक पऱ्हाटी बघून आई उकिडवी बसली होती. डोक्यावर पदर. पळसाच्या पानावर दहीभात. तिनं बोटानं झाडाच्या बुंध्याला कुंकू लावलं, दोन बोंडांना हात लावून तोच हात कपाळाला लावला. मग पानावरचं थोडं दही चार दिशांना शिंपडलं. तिच्या तोंडानं काहीतरी चाललं होतं, मला ऐकू आलं नाही. मला आठवतं ते तिचं तोंड. दोन वर्षांत मी तिचं असं तोंड पाहिलं नव्हतं. लग्नघरात बाईचं असतं तसं, थकलेलं आणि खूष.

मी परत येऊन पांघरूण ओढून झोपले. शुक्रवारी रात्री वहीत लिहिलं. ‘माझ्या आईने चोरून वावरात सीतादही केले. दहीभाताचा नैवेद्य दाखवला. मी पाहिले आणि तिला अडवले नाही, हा माझा डाग.’

वाक्य मी नीट जुळवलं होतं. डाग माझाच लिहायचा असतो, हा नियम. तेव्हा मला काय वाटत होतं ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. सूड नव्हता. भीतीही फारशी नव्हती. खरं सांगायचं तर, त्या आठवड्यात माझ्याकडे दुसरं काही लिहायला नव्हतं.

शनिवारी मी वाचलं. कुणी ‘पुसलं’ म्हटलं नाही. दादांनी आईला उभं केलं. ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. म्हणाले, ‘ताई, पोरीनं तुमच्यावर उपकार केले. म्हणा, माझी पोर माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.’ आई म्हणाली. ‘जरा मोठ्यानं.’ आई पुन्हा म्हणाली. तीन वेळा. मग दादांनी खिशातला पेन काढून मला बक्षीस दिला, सोनेरी क्लिपचा. टाळ्या झाल्या. बाबांनीही वाजवल्या. मी पाहिलं.

घरी येताना नाल्यावर अंधार होता. आईनं रोजच्यासारखा माझा हात धरला आणि म्हणाली, ‘पाय जपून टाक.’ बाकी काही नाही.

आईला एकवीस दिवसांचं ‘मौन’ मिळालं. म्हणजे तिनं गप्प राहायचं असं नव्हे, घरच्यांपैकी कुणी तिच्याशी बोलायचं नाही. बाबा बोलले नाहीत. आजी बोलली नाही. मी बोलले नाही, उलट मला ते अभिमानाचं वाटत होतं. आईचं ताटही ओसरीवर गेलं. मग एकवीस दिवस आबाजी आणि आई, सासरा आणि सून, ओसरीवर समोरासमोर बसून जेवत. ज्या सुनेनं पंधरा वर्षांत सासऱ्यापुढं पदर खाली येऊ दिला नव्हता ती. आबाजी तिला काय काय सांगायचे, जुन्या दुष्काळाचं, पहिल्या रेडिओचं, कुणाच्या तरी चोरीला गेलेल्या बैलाचं. एका रात्री आई खळखळून हसली. आत आम्ही तिघं मुकाट्यानं जेवत होतो. बाबांचा घास हातात तसाच राहिला होता.

पुढं मी अमरावतीला बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं. का घेतलं, हे तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मार्क मिळतात म्हणून. एका तासाला मॅडमनी फळ्यावर एक रेघ ओढली, शेजारी लहानमोठ्या तीन. सॉलोमन ॲश नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाचा १९५१ सालचा प्रयोग. यातली कुठली रेघ पहिलीएवढी, एवढंच विचारायचं. उत्तर लहान मूलही देईल. पण खोलीतली बाकीची माणसं प्रयोगवाल्यांनी आधीच पढवलेली, ती ठरलेल्या फेऱ्यांत एका सुरात चुकीची रेघ सांगत. खरा परीक्षार्थी एकच. या फेऱ्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा उत्तरं कळपाबरोबर गेली. चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसतं ते सोडून सगळे म्हणतात ते म्हटलं. वर्गातली मुलं हसली. एवढं साधं कसं चुकतील? मी रेघांकडे बघत बसले.

त्या प्रयोगाच्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. परीक्षार्थीला उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहू दिलं की कळपाबरोबर जाणं खूप कमी होई. म्हणजे रेघ त्याला बरोबरच दिसत होती. आणि आमची वही! लिहायची खरी, पण उभं राहून वाचण्यासाठी. कागदाच्या एकांतातली जी थोडी जागा असते तीसुद्धा तिनं घेऊन टाकली होती. दुसरी गोष्ट अशी की खोलीतल्या एकानं, फक्त एकानं, बरोबर रेघ सांगितली की परीक्षार्थीला एकदम बळ येई आणि चुका झर्रकन खाली येत. हे ऐकताना मला ओसरी दिसली.

वाचत गेले तसं कळलं की कबुलीची वही आमच्या दादांनी शोधून काढलेली नव्हती. रॉबर्ट लिफ्टन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९५४-५५ मध्ये हाँगकाँगला बसून, चीनमधल्या कम्युनिस्ट सरकारच्या सक्तीच्या ‘विचारसुधारणे’तून बाहेर पडलेल्या चाळीस जणांशी बोलून जी लक्षणं मांडली, त्यात कबुलीचं वेड आहे, आणि विचार जागच्या जागी थांबवणारे ठरीव शब्दही आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या गयानात, जोन्सटाउन नावाच्या एका पंथाच्या वसाहतीत, १८ नोव्हेंबर १९७८ रोजी नऊशेहून जास्त माणसं मेली, त्यांतली जवळजवळ तिसरा हिस्सा लेकरं. त्या पंथातही माणसांकडून न केलेल्या गुन्ह्यांच्या कबुल्या लिहून घेत. आमच्या शेडची आणि जोन्सटाउनची बरोबरी मी करत नाही, तशी करणं म्हणजे मेलेल्यांची थट्टा होईल. पण न केलेली चूक लिहून देणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. मी जिलबीची कबुली दिलेली आहे.

आणि एक गोष्ट मला नीट उमगली ती इथंच. तिकडे आमच्या मनात काय आहे याची कुणाला फारशी पडलेली नव्हती. आईचा मोठ्या महाराजांवर विश्वास होता की नव्हता, दादांना काय करायचं होतं? तिनं ते वाक्य मोठ्यानं म्हणावं, तिच्या नवऱ्यानं टाळी वाजवावी, तिच्या पोरीनं पेन घ्यावा. एवढ्यानं काम होत होतं. मनात काय ठेवायचं ते ठेवा, फक्त एकमेकांना ते कळता कामा नये. सगळ्या शेडमध्ये चाळीस माणसं होती आणि त्यांतल्या किती जणांना आत काय वाटत होतं, ते शेजारच्याला कधीच कळलं नाही.

आबाजींचे एक मित्र होते, आमच्या गावच्या बौद्धवाड्यातले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेले, पायी नि रेल्वेनं मिळून. मी कॉलेजात असताना, शहाणपणाच्या नादात, त्यांना म्हटलं होतं, काका, तिथंही लाखो लोकांनी एका सुरात बावीस प्रतिज्ञा म्हटल्याच की. त्यात आणि आमच्यात फरक काय? ते चिडले नाहीत. म्हणाले, ‘बाबासायबानं पस्तीस साली येवल्याले सांगतलं, मी हिंदू म्हनून मरनार नाई. घेतलं कवा? छप्पनले. एकवीस वर्स आमी वाद घातला, पोरी. घराघरात घातला. तुमाले थ्या दादानं किती येळ देला होता?’

किती वेळ दिला होता? चौदा माणसं वावरात उभी राहिली त्या सकाळपासून मोजलं तर दोन दिवस.

सुटलो कसे, तेही सांगते, पण त्यात पराक्रम नाही. मामा, माझ्या आईचा सख्खा भाऊ, आमच्याच मागोमाग तिकडे आला होता. २००६ मध्ये त्यानं पैशाचा हिशेब मागितला. गळफांदी ठरला. त्याच्याकडचं पाणी बंद, बोलणं बंद, त्याच्या विहिरीवरून जो पाइप आमच्या गावच्या दुसऱ्या एका घरच्याच्या वावरात जात होता तो त्या माणसानं स्वतःच उपटून टाकला, उन्हाळ्यात, स्वतःची संत्र्याची रोपं वाळू देऊन. याला काय म्हणावं? बाबांना शेडमध्ये उभं राहून म्हणावं लागलं, मला साळा नाही. म्हणाले. त्या रात्री जेवले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात मामाच्या मुलीचं लग्न निघालं. जायचं नाही, असं ठरलं. म्हणजे सांगून ठरलं. लग्नाच्या दिवशी सकाळी आईनं ठेवणीतलं लुगडं काढलं, भाचीसाठी घेऊन ठेवलेली जोडवी रुमालात बांधली आणि यष्टीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. शेडमधल्या पाच-सहा बाया वाटेत भेटल्या. ‘कुठी चालली व?’ कुणीतरी विचारलं. ‘भाचीच्या लग्नाले,’ आई म्हणाली. मोठ्यानं. कुणी तीनदा म्हणायला लावलं नाही.

आम्ही काही सोडलं नाही. आई लग्नाला गेली आणि बाकीचे आमच्यापासून सुटले. त्या हंगामात वेचायला कुणी आलं नाही. दुकानदार घरचा होता, त्यानं उधारी बंद केली. बाबा वर्षभर कुणाशी नीट बोलत नव्हते. त्यांचं सगळं गेलं होतं, मैतर, शनिवार, नावाला लागलेला मान, हे मी तेव्हा समजून घेतलं नाही. पण दिवाळीपर्यंत त्या वाटेत भेटलेल्या बायांपैकी दोघींची घरं शेडमध्ये यायची थांबली. आईनं त्यांना काही सांगितलं नव्हतं.

तेव्हा आम्ही पोलिसात का गेलो नाही, असं मला एका मैत्रिणीनं विचारलं. काय घेऊन जाणार? वही? १९४९ साली मुंबई प्रांतानं धर्मातून-समाजातून बाहेर काढण्याविरुद्ध एक कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये तो चार विरुद्ध एक असा रद्द केला. धर्मातून काढणं हा धर्मसंस्थेच्या कारभाराचा भाग आहे, असं म्हणून. सरन्यायाधीश सिन्हांचं मत वेगळं पडलं. तो निकाल पुन्हा तपासायचा प्रश्न २०२३ च्या फेब्रुवारीत नऊ न्यायाधीशांकडे सोपवला गेला. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, पण त्यात अमानुष प्रकार मोजून दिले आहेत, वहीत काय लिहून घ्यावं याला त्यात जागा नाही, आणि असावी का, याबद्दल मलाही खात्री नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा. देशातला असा पहिला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो अमलात आला जुलै २०१७ मध्ये. मामाच्या विहिरीवरचा पाइप दहा-अकरा वर्षं आधीच उपटला गेला होता.

घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्मस्वातंत्र्याच्याही आधी एक शब्द येतो, सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य. एवढा लांब शब्द आमच्या घरात कुणाच्या तोंडात बसणार नाही. आई म्हणते, ‘मन मानत नाई.’ लग्नाला का गेलीस, असं बाबांनी विचारलं तेव्हा तिनं हेच सांगितलं होतं. दोन्हींत मला फार फरक दिसत नाही.

एक उपमा सुचते, ओढूनताणून वाटली तर सोडून द्या. बीटी म्हणजे ज्याचं झाड अळीला मारणारं विष स्वतःच तयार करतं ते बियाणं. त्याच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर एकशेवीस ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी मिळायची. ती धुऱ्याच्या कडेनं लावायची, म्हणजे अळीला साधं झाडही खायला मिळतं आणि सगळीच्या सगळी अळी विषाला सरावत नाही. आमच्याकडे ती पुडी कोण लावणार? सगळं रान एकसारखं हवं. पुडी गोठ्यात फेकून दिली जायची. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भभर जो धुमाकूळ घातला त्याची कारणं पुष्कळ आहेत, पण शेतीतले जाणकार त्यात ही न लावलेली पुडीही मोजतात. दादांच्या हातातलं ते बोंड मला त्या वर्षी फार आठवलं.

आबाजी आम्ही सुटायच्या आधीच गेले. त्यांच्या मौतीला शेडमधलं कुणी आलं नाही, आणि तेव्हा आम्ही अजून घरचे होतो. खांदा द्यायला बौद्धवाड्यातले काका होते. बाबा आता सकाळी मारुतीला जातात, पण हात जोडताना अजून इकडेतिकडे बघून घेतात. मी तो पेन कधी वापरला नाही, कधी फेकलाही नाही. आईनं मला त्या शनिवारबद्दल एका शब्दानंही कधी विचारलं नाही, आणि मीही माफी मागितलेली नाही. शब्द तयार आहेत, वीस वर्षांपासून. पण उभं राहून कबुली द्यायची म्हटलं की माझ्या तोंडात तिकडचीच वाक्यं येतात, जुळवलेली.

यंदा दसरा झाल्यावर घरी गेले होते. पहाटे आईनं हलवून उठवलं. ‘चाल वावरात.’ धुऱ्यावर दव पडलेलं, माझ्या चपला चिखलानं जड झालेल्या. तिनं पऱ्हाटी निवडली, बसताना गुडघ्यावर हात ठेवून ‘अगं माय’ म्हणाली, पळसाचं पान पसरलं. मी वाटीतलं दही त्यावर ओतलं. तिनं कुंकू लावलं, दोन बोंडांना हात लावून कपाळाला लावला. मग हात पुसत माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तू आजकाल मोबाइलवर लिवतं म्हन्ते. हे बी लिवशीन काय?’

मला काही सुचेना. म्हटलं, ‘लिवू?’

‘लिव. पन मांगच्या वेळेस तू दहीभात लिवला होता. भात कुठी होता व त्या वर्सी घरात? जवारीच्या कन्या होत्या.’